व्यंकटनं धरलेले पंख

यंदा थंडी उशिरा पडली. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी घरात पंखा लागत होता, आणि मग चार दिवसांत सगळं पालटलं. सकाळच्या शिफ्टची बस पकडणारी माणसं मफलर गुंडाळून रस्त्याच्या कडेला उभी राहू लागली. इंद्रायणीवरून उठलेलं धुकं निघोजे गावातल्या आमच्या खोल्यांच्या पत्र्यांपर्यंत येऊ लागलं. चाकणच्या बाजारात मटारचे ढीग दिसू लागले. मला मात्र थंडी या सगळ्याच्या आधी कळते. उजव्या हाताची तर्जनी, तिच्या शेजारचं मधलं बोट आणि अनामिका, अशी तीन बोटं आधी गार पडतात आणि मग ठणकू लागतात. ही तिन्ही बोटं मला नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती गेली.

डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. मेंदूला अजून ती बोटं आहेत असंच वाटत राहतं, जाईल हळूहळू. गेलंही बरंचसं. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मला त्या बोटांची आठवणसुद्धा होत नाही. थंडीत ती परत येतात, आणि दुखरी येतात. नसलेलं बोट चोळता येत नाही, त्याला तेल लावता येत नाही, शेकता येत नाही. नुसतं बसून राहायचं.

हिवाळा म्हटलं की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला पांढऱ्या गोंदाचा आंबूस वास आठवतो, उन्हात वाळत ठेवलेले कापडाचे पंख आठवतात, आणि त्या पंखांच्या पलीकडे मान खाली घालून बसलेला व्यंकट आठवतो.

व्यंकट माझ्या गावचा, लातूरकडचा. शाळेत आम्ही एका बाकावर. मी आयटीआय करून चाकणला आलो, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागलो आणि चार वर्षांनी कायम झालो. व्यंकट तेव्हा गावात रिकामा होता. त्याला इकडं मीच आणलं, ठेकेदाराला सांगून मीच कामावर लावलं. पुढं योगायोगानं आम्हाला एकच मशीन मिळालं, पत्रा दाबून आकार देणारा मोठा प्रेस. मी पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा आणि ‘हां’ म्हणायचं. ‘हां’ ऐकलं की व्यंकटनं पायाखालचं पेडल दाबायचं. वरचा साचा खाली येणार, पत्र्याला आकार येणार. दिवसातून शेकडो वेळा हेच. शिफ्टभर आम्ही एकमेकांशी एवढा एकच शब्द बोलायचो, आणि त्यात आमचं सगळं भागायचं.

हात आत असेल तर मशीन आपोआप थांबवणारा एक सेन्सर असतो. आमच्या मशीनचा सेन्सर पंधरा दिवसांपासून बंद करून ठेवला होता. तो विनाकारण अडकायचा, मशीन थांबायचं, नग कमी भरायचे. सुपरवायझरनं तो बंद करायला लावला. खोटं कशाला बोलू, आम्हालाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला थोडाच वेळ राहिला होता. एक तुकडा साच्यात तिरका बसलेला मला दिसला. तो सरळ करायला मी हात पुन्हा आत घातला आणि मशीन खाली आलं. मी ओरडलो नसेन. ओरडला तो व्यंकट, ते मला स्पष्ट आठवतं. कुणीतरी कॅन्टीनमधून बर्फ आणला, पिशवी आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी उघडून पाहिली आणि बाजूला ठेवली. चिरडलंय, म्हणाले, जोडण्यासारखं काही नाही.

मी हात आत घालायच्या आधी ‘हां’ म्हणालो होतो का? मला माहीत नाही. शेजारच्या मशीनवरही दोघं असायचे, त्यांचाही शब्द ‘हां’च. व्यंकटनं त्यांचा ऐकला असेल. किंवा मीच सवयीनं म्हणून टाकलं असेल आणि तुकडा तिरका आहे हे मला नंतर दिसलं असेल. मी तो क्षण इतक्या वेळा उलटून पालटून पाहिला आहे की आता त्याच्यावर माझाच विश्वास राहिलेला नाही. कधी मला माझा आवाज ऐकू येतो, कधी येत नाही.

*

घरी आल्यावर पहिल्यांदा कळलं की दिवसभरात माणसाला किती बटणं, किती नाड्या आणि किती झाकणं उघडावी लागतात. ज्योती, माझी बायको, कुरुळीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी आठला निघायच्या आधी ती माझ्या शर्टाची बटणं लावायची, केसांना तेल लावून भांग पाडायची, दुपारच्या पोळीचे तुकडे करून ताटात झाकून ठेवायची. एकदा घाईत ती तुकडे करायला विसरली. मी डाव्या हातानं पोळी तोडायला गेलो तर अख्खी पोळी उचलली गेली. कोपरानं दाबून पाहिली. शेवटी तशीच तोंडाला लावून दातांनी तोडली, आणि मग ताट बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. संध्याकाळी ज्योतीनं ताट पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तुकडे आणखी लहान झाले.

गावाहून आई आली ती आठ दिवस राहिली. येताना तिनं शेंगदाण्याची चटणी आणली, तूप आणलं, आणि माझ्या शाळेच्या पेटीतून एक पुस्तक आणलं. पुस्तक म्हणजे चित्रांची गोष्ट, कॉमिक. कव्हर कधीच फाटलेलं, पानं पिवळी पडून कडांना कुरतडल्यासारखी झालेली.

“हे घे,” आई म्हणाली. “ल्हानपणी ह्येच घेऊन बसायचास बघ. जेव म्हणलं तरी उठायचा न्हाईस.”

मला हसूच आलं. पस्तिशीचा माणूस, बोटं गेलेला, आणि आईनं त्याला चित्रांचं पुस्तक आणलं. पण तिलाही दुसरं काय सुचणार होतं? डॉक्टरांना जमलं नाही ते तिला कुठून जमणार? ती पेटी उघडून बसली असेल, तिच्या हाताला जे लागलं ते तिनं आणलं.

ती गेल्यावर दुपारी मी ते उघडलं. गोष्ट साधी होती. डोंगराळ मुलखात गावोगाव टपाल नेणारा एक म्हातारा वैमानिक आणि त्याचं लाल विमान. दोन मजली पंखांचं, वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये उभे दांडे आणि आडव्यातिडव्या तारा. वैमानिक उघड्यावर बसलेला, डोळ्यांवर जाड चष्मा, मिशा वाऱ्यावर मागे गेलेल्या. लहानपणी मला गोष्टीपेक्षा ते विमानच आवडायचं. ते जुळवलेलं दिसायचं. हा दांडा इथं का, ही तार तिथं का, याला काहीतरी उत्तर असणार असं वाटायचं. मी फिटर झालो त्याच्या मागं ते विमान असेल की काय, कुणास ठाऊक.

त्या दुपारी मी डाव्या हातात पेन्सिल धरली आणि विमानाची लांबी मोजायला लागलो.

*

मापं काढायला काहीच नव्हतं. मग मी वैमानिक धरला. एका चित्रात तो विमानाला टेकून चहा पीत उभा होता. त्याची उंची साडेपाच फूट मानली आणि त्यावरून बाकी सगळं काढत गेलो. पंख अठ्ठावीस फूट आले. एका फुटाला एक इंच धरायचं ठरवलं, म्हणजे माझं विमान अठ्ठावीस इंचांचं होणार, आमच्या टीव्हीपेक्षा थोडं लहान. आलेखाच्या कागदावर डाव्या हातानं रेघ मारायला लागलो तर ती मुंगी चालल्यासारखी जायची. एक सरळ रेघ मारायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी मी ती ज्योतीला दाखवली.

“छान आहे,” ती म्हणाली. मग कागद जवळ घेऊन पाहत म्हणाली, “काय आहे?”

चित्रकाराचंही काही खरं नव्हतं. पंखांमधले उभे दांडे एका चौकटीत चार, दुसऱ्या चौकटीत सहा. चाकं कुठे बारीक, कुठे बैलगाडीएवढी. आणि विमान कायम डाव्या बाजूनंच काढलेलं. उजवी बाजू सबंध पुस्तकात एकदाही दिसत नव्हती. तिकडं काय असेल ते आपणच ठरवायचं.

सामान घरातलंच. पंखांच्या बरगड्या पुठ्ठ्याच्या, आडवे दांडे झाडूतल्या बांबूच्या काड्यांचे, पुढचं नाक तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं. विमानाच्या धडासाठी लाकूड हवं होतं, ते आमच्या खोल्यांचे मालक आबा यांनी दिलं. आबा मूळचे निघोज्याचे, जमीन कंपन्यांसाठी गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी आठ खोल्या बांधल्या. रोज सकाळी उन्हाला खुर्ची टाकून ते माझ्या दारासमोर बसायचे. कंपन्यांत मशीन येतात त्या खोक्यांच्या फळ्या त्यांच्याकडे ढिगानं होत्या.

“काय करतोय म्हनायचं?” त्यांनी विचारलं.

“विमान करतोय आबा.”

“उडंल का?”

“नाही. नुसतं ठेवायचं.”

आबांनी बराच वेळ त्या कागदाकडं पाहिलं. “ठेवायचं,” ते म्हणाले. “आमी बी बैलगाडी ठिवलीया तशीच. घ्या फळी, लागंल तेवढी घ्या.”

अंगठा आणि करंगळी उरलेल्या हातानं फळी नुसती दाबून धरता येते, तीही थोडा वेळ. डाव्या हातानं करवत चालवायची तर फळी सरकायची. पायाखाली धरून पाहिली. तेव्हा करवत पायाजवळून जायची आणि मला एकदम घाम फुटायचा, सगळं ठेवून द्यावं लागायचं. कितीतरी दुपारी असंच झालं. उन्हात बसायचं, समोर कापायच्या खुणा केलेली फळी, आणि ती कापायला माणूस नाही. रस्त्यानं कंपन्यांच्या बसेस जायच्या, कंटेनर जायचे, दूर भोंगा व्हायचा. सगळं जग दोन हातांनी काम करत होतं.

*

व्यंकट दर गुरुवारी यायचा. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची. दवाखान्यातही तो यायचा, पण तिथं दाराशी उभा राहून परत जायचा. घरी मात्र आत येऊन बसायचा. बसायचा म्हणजे भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन, फरशीकडं बघत. “कसं हाय?” एवढं विचारायचा. मी “बरंय” म्हणायचो. ज्योतीला त्या दिवशी दुपारची शिफ्ट असायची, त्यामुळं सकाळभर ती घरातच असे. ती त्याच्याशी एक शब्द बोलायची नाही. चहा करायची तो एकच कप, माझा. मी अर्धा बशीत ओतून त्याच्यापुढं सरकवायचो. तो प्यायचा नाही. बशीतला चहा गार होऊन त्यावर साय धरायची.

मला त्याचा राग यायचा का? लोक विचारायचे. राग आला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलंय. माझ्या मनात फक्त एवढंच यायचं की याला मी आणलं नसतं तर.

एका गुरुवारी फळी माझ्या पायाखाली होती आणि ती नेहमीसारखी सरकत होती. व्यंकट भिंतीपाशी बसून बघत होता. एकाएकी तो उठला, समोर येऊन बसला आणि त्यानं फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

“काप,” तो म्हणाला.

त्याचे दोन्ही हात करवतीच्या पात्यापासून चार बोटं अंतरावर होते. मी डाव्या हातानं कापणार. माझा हात किती हलतो ते त्याला दिसत होतं. मी म्हणालो, “लागंल रे.”

“लागू दे. काप.”

मी कापली. त्याला लागलं नाही. पण फळीचा तुकडा पडेपर्यंत त्यानं हात तसूभर मागं घेतला नाही, हे मी पाहिलं.

त्यानंतर आमचे गुरुवार बदलले. तो सकाळी लवकरच यायचा. पुस्तक मधे उघडं ठेवून आम्ही दोघं दारातल्या उन्हात बसायचो. तो धरायचा, मी चिकटवायचो. उभे दांडे किती लावायचे यावर आमचा वाद झाला. मी म्हणालो, जास्त चित्रांत चार आहेत. व्यंकट म्हणाला, “सहा लाव भावा. पडायला नको.” सहा लावले. उजव्या बाजूला काय ठेवायचं तेही त्यानंच सुचवलं, टपालाच्या पिशव्या आत टाकायला एक छोटं दार. तारेच्या तुकड्याची कडी लावून त्यानं ते उघडझाप होणारं केलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा थोडा हसला, आणि हसल्याबरोबर त्यानं ज्योतीकडं पाहिलं, काही चुकलं का म्हणून.

पंखांवर कापड चढवायचं होतं. मी ज्योतीला विचारलं. तिनं ट्रंकेतून एक जुनं पांढरं मलमलचं ओढणीचं कापड काढून दिलं. मग आमचं काम बघून तिला राहवलं नाही. “असं नाही ताणायचं, आडवा धागा बघा आधी,” म्हणत तिनं ते आमच्या हातातून घेतलं आणि बरगड्यांवर सुरकुती न पडता चढवून दाखवलं. वरून पातळ केलेला गोंद फिरवला. वाळल्यावर कापड ढोलकीसारखं ताठ झालं. बोटानं टिचकी मारली की टण्ण वाजायचं. पण तेव्हाही ती व्यंकटशी बोलली नाही. “त्यांना सांगा कड धरायला,” असं मला सांगायची, तो हातभर अंतरावर असताना.

*

याच दिवसांत कंपनीतले एक साहेब घरी येऊन गेले. चांगले बोलले. फळं आणली होती. जाताना त्यांनी एक टाईप केलेला कागद काढला. मशीन चालवणाऱ्या ठेकेदारी कामगारानं इशारा नसताना पेडल दाबलं, त्यामुळं अपघात झाला, असं त्यात लिहिलं होतं. सेन्सरचा शब्दही नव्हता. “भरपाईची पुढची सगळी प्रक्रिया यावर अवलंबून आहे,” साहेब म्हणाले. “तुमच्याच फायद्याचं आहे.” मग त्यांनी खिशातून शाईचं पॅड काढलं. “सही जमणार नाही तुम्हाला आता. डावा अंगठा चालतो.”

मी आयटीआय झालेला माणूस. माझ्या वडिलांनी आयुष्यभर अंगठा लावला, मी सही करावी म्हणून त्यांनी मला शिकवलं. मी म्हणालो, “मी डाव्या हातानं सही शिकतोय. शिकलो की करतो.” साहेब म्हणाले, सावकाश करा, आणि कागद ठेवून गेले. मी तो दाराशेजारच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं खोचून ठेवला. खरं तर सही मला तेव्हा यायला लागली होती.

व्यंकटला मी हे सांगितलं नाही. तो माझ्यासमोर बसून पंख धरायचा आणि त्याच्या डोक्यावर, कॅलेंडरच्या मागं, तो कागद असायचा. सही करावी तर त्याचं काम जाणार, पुन्हा कुठल्या गेटवर त्याला कोणी घेणार नाही. न करावी तर माझं काय होणार, ते मला कोणी नीट सांगत नव्हतं. ज्योतीला मी सांगितलं. ती म्हणाली, “खरं काय ते लिहा.” मी म्हणालो, “खरं मलाच माहीत नाही.”

*

शेवटी तारांचं काम राहिलं. दोन पंखांमध्ये तिरके धागे ताणून बांधायचे, इकडचा ताण तिकडच्यानं तोलला की पंख सरळ राहतात. एकानं पंख धरायचे, दुसऱ्यानं धागा ओढून गाठ मारायची. मी दातांनी आणि डाव्या हातानं गाठ मारायला शिकलो होतो. व्यंकट दोन्ही पंख वरखाली पकडून श्वास रोखून बसायचा. “ओढ”, “थांब”, “सोड” असं आमचं चालायचं. आणखी एक शब्द होता, तो आम्ही दोघंही टाळत होतो. ठरवून नाही. तोंडातच येत नव्हता.

शेवटून तिसरा धागा. गाठ घट्ट बसली, मनासारखा ताण आला. मी मान वर केली आणि माझ्या तोंडून गेलं, “हां.”

व्यंकटनं चटका बसल्यासारखे हात काढले. धाग्याच्या ओढीनं वरचा पंख खाली आला, दोन बरगड्या काडकन मोडल्या. व्यंकट उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. त्याचे खांदे हलत होते. आबा समोर खुर्चीवर होते, त्यांनी तोंड दुसरीकडं वळवलं.

मी जाऊन काय बोलणार होतो? मी तसाच बसलो होतो, तेव्हा ज्योती आतून आली. तिच्या हातात चहाचा कप होता. ती बाहेर गेली आणि त्याच्या शेजारी पायरीवर टेकली.

“घ्या भाऊजी,” ती म्हणाली. “गार करू नका.”

त्यानं घेतला. दोन्ही हातांनी कप धरून प्याला. बऱ्याच वेळानं आत आला, मोडका पंख उचलून न्याहाळू लागला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “बाला, त्या कागदावर सही करून टाक.”

“कुठल्या?”

“मला म्हाईत हाय. साहेबांनी मलाबी बोलावलं होतं. कर सही. तुझं तरी नीट होऊ दे.”

“मी ‘हां’ म्हणालो होतो की नाही, तुला काय वाटतं?” हे मी विचारायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही. त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि गिळून टाकलं. त्या जागी मी म्हणालो, “दोन बरगड्या नव्या कापाव्या लागतील.”

“कापू,” तो म्हणाला.

मी सही केली नाही. पुढं कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी अधिकारी आले, त्यांनी मला बोलावून विचारलं. मी सांगितलं, इशारा दिला की नाही ते आठवत नाही, पण सेन्सर बंद होता हे पक्कं आठवतं. सुपरवायझर म्हणाला, चालू होता. व्यंकटला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, “पेडल मी दाबलं.” सेन्सरचा शब्दही त्यानं तोंडातून काढला नाही. महिन्याभरात मशीनवर नवा सेन्सर बसला. मला स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. आणि व्यंकटचा गेटपास ठेकेदारानं पुढं वाढवला नाही. कारण विचारायला मी गेलो होतो. ठेकेदार म्हणाला, कारण कशाला पाहिजे, पास संपला.

मी खरं तेवढं बोललो होतो. दुसरं काही बोललो असतो तर तो राहिला असता का? कागदावर सही केली असती तरी गेला असता, न बोलता बसलो असतो तरी गेला असता. सगळ्या वाटा फिरून त्याच गेटपाशी येत होत्या आणि त्या गेटच्या आत मी होतो.

विमान फेब्रुवारीत पूर्ण झालं. थंडी ओसरायला लागली होती. आबांनी उरलेला ट्रॅक्टरचा लाल रंग दिला. “न्या की हे विमान गावाला,” ज्योती व्यंकटला म्हणाली. तो म्हणाला, एसटीत मोडंल. तीन दिवसांनी तो गावी गेला. मी स्टोअरमध्ये पहिल्याच आठवड्यात होतो, रजा मिळाली नाही, स्टँडवर जाता आलं नाही. विमान आमच्या कपाटावर आहे. धूळ बसू नये म्हणून ज्योती त्याच्यावर ओढणी टाकते.

*

व्यंकट आता गावाकडं साखर कारखान्यात असतो, हंगामापुरता. अधूनमधून फोन करतो. उसाचं, पावसाचं, कुणाच्या लग्नाचं बोलतो. हाताचं कधी विचारत नाही, मीही सांगत नाही. गेल्या गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. मी जेवून बसलो होतो. इकडचं तिकडचं झालं. त्याच्या मागं ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती.

“बाला, एक विचारू का?”

“विचार की.”

“त्या दिवशी तू ‘हां’ म्हणला होतास का रे?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. माझ्या कानात मशीनचा आवाज होता, शेजारच्या मशीनचा होता, सुपरवायझरचा होता, आणि त्या सगळ्यात माझा आवाज मी शोधत होतो. नेहमीसारखाच तो सापडत नव्हता.

“म्हणालो होतो,” मी सांगितलं.

पलीकडं त्याचा श्वास ऐकू आला, आणि तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज शाळेतल्या व्यंकटसारखा लागला.

“मी ऐकलं होतं,” तो म्हणाला. “मला वाटलंच. दोन वरसं झाली बाला, मी ऐकलं होतं रे. ऐकलं होतं म्हणूनच दाबलं.”

“व्हय,” मी म्हणालो. “मीच म्हणालो होतो. तू ऐकलंस, तू दाबलंस. तुझी चूक नाही.”

तो रडत होता. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. त्याला थांबवलं नाही. ते झाल्यावर त्यानं नाक ओढलं, नाइट सुरू व्हायच्या आत दळण आणायचंय म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याला खरं सांगितलं की खोटं, मला माहीत नाही. त्यानं पुन्हा विचारलं, तर पुन्हा हेच सांगेन.